मोठा इंग्रजी शब्द वाक्यात बसवायचा कसा?

मराठीत आपण विश्वास ठेवतो आणि संशय घेतो. कुणी 'मी त्याच्यावर विश्वास घेतला' असे लिहिले, तर अर्थ कळतो, पण वाक्य खटकते. इंग्रजीतल्या अवघड शब्दांबाबत आपले नेमके हेच होते. अर्थ पाठ असतो, शब्दाची संगत ठाऊक नसते. म्हणून शब्द एकटा पाठ करू नका.

आधी शब्द निवडा. वाचताना दोन-तीनदा समोर आलेला आणि दर वेळी अडवणारा शब्द घ्यावा. उच्च शिक्षणासाठी तयारी असेल तर ॲव्हरिल कॉक्सहेड यांची 2000 साली प्रसिद्ध झालेली शैक्षणिक शब्दांची यादी उपयोगी आहे. तिच्यात 570 शब्दकुटुंबे आहेत, म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपे एकत्र. दिवसाला पाच शब्द पुरेत. पन्नास शब्दांच्या याद्या घोकण्याच्या मी ठाम विरोधात आहे.

आता वहीत एका शब्दाला अर्धे पान द्या. खरे काम इथे आहे, घाई करू नका. 'मिटिगेट', 'अलिव्हिएट' आणि 'कर्टेल' हे तीन शब्द पाहा. मराठीत तिन्हींसाठी 'कमी करणे' लिहून मोकळे होता येते आणि तिथेच घोटाळा होतो. 'मिटिगेट' धोक्याची किंवा दुष्परिणामाची तीव्रता कमी करते: मिटिगेट द रिस्क. 'अलिव्हिएट' वेदना, दुःख, गरिबी हलकी करते: अलिव्हिएट द पेन. 'कर्टेल' खर्चाला, हक्कांना, स्वातंत्र्याला कात्री लावते: कर्टेल स्पेंडिंग. वजन कमी केले हे सांगायला यांतला एकही शब्द चालत नाही. तिथे साधे 'लॉस्ट वेट' हवे. म्हणून मराठी अर्थाशेजारी त्या शब्दासोबत येणारी दोन-तीन नामे लिहाच. शिकणाऱ्यांसाठी केलेल्या शब्दकोशात ती उदाहरणांच्या वाक्यांत सापडतात.

मग वाक्ये करा. पहिले वाक्य शब्दकोशातले, जसेच्या तसे. दुसऱ्यात फक्त नाम बदला. तिसरे स्वतःच्या आयुष्यातले, खरे घडलेले. 'रिलक्टंट' (नाखूश) घेतला तर 'आय वॉज रिलक्टंट टू साइन द फॉर्म.' यातला 'टू' शब्दाबरोबरच लक्षात ठेवायचा. खऱ्या प्रसंगाचे वाक्य जास्त टिकते, कारण शब्दाला तो प्रसंग चिकटतो.

जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या आणि 1885 साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांतून दाखवले, की पाठ केलेले सुरुवातीला फार झपाट्याने विसरले जाते. त्यामुळे पहिली उजळणी दुसऱ्याच दिवशी करा, मग तीन दिवसांनी, आठवड्याने, महिन्याने. नुसते पान वाचणे म्हणजे उजळणी नव्हे. शब्द झाका, वाक्यातली रिकामी जागा पाहा आणि तो स्वतः आठवा. आठवला नाही तर तो शब्द पुन्हा पहिल्या दिवसावर आणा.

उच्चार ऐकून मोठ्याने म्हणा. 'रेकॉर्ड' नाम असेल तर जोर पहिल्या अवयवावर (उच्चाराच्या तुकड्यावर), क्रियापद असेल तर दुसऱ्यावर. हे छापील पानावरून सहज लक्षात येत नाही.

शब्द कुठे शोभतो हेही वहीत नोंदवा. 'कमेन्स' समारंभाच्या किंवा कार्यालयीन मजकुरात ठीक. मित्राला संदेश पाठवताना 'स्टार्ट'च लिहा.

आठवड्यातून एकदा आपलाच जुना मजकूर काढा आणि एकच शब्द बदला. 'व्हेरी टायर्ड'च्या जागी 'एक्झॉस्टेड' घातलात, तर 'व्हेरी'ही काढावा लागेल. पूर्ण थकवा त्या शब्दातच आहे, त्यामुळे जोर द्यायचाच असेल तर तिथे 'कम्प्लीटली' येतो. असा बदल झाला, की वहीतल्या त्या पानावर ही जोडीही लिहून ठेवा.