फवारणीचा पंप उचलण्याआधी दहा मिनिटं

पाऊस परतीला लागला की मुंबईत गोराई-मनोरीच्या वाड्यांत, आरेच्या पाड्यांवर आणि रुळांकडेच्या भाजीच्या वाफ्यांत एकच घाई उडते: ऊन पडलंय, फवारून घेऊ. यंदा पंप खांद्यावर घेण्याआधी दहा मिनिटं एका वाफ्यापाशी बसा आणि फुलांवर कोण येतंय ते मोजा.

काठ्या टाकून हातभर लांब-रुंद चौकोन आखा. वारा-पाऊस नसेल अशी सकाळ धरा. सातेरी आणि फुलोरी या मधमाश्या किती, भुंगे, फुलपाखरं, साध्या माश्या किती, ते वहीत लिहा. सोबत तारीख, वेळ, पीक. नाव येत नसेल तर ‘बारीक काळी माशी, पिवळे पट्टे’ एवढं पुरे. कोणीच फिरकलं नाही तर शून्य लिहा. तो शून्य फार मोलाचा असतो आणि नेमका तोच लिहायचा राहतो. दर आठवड्याला जागा आणि वेळ तीच ठेवा.

वांग्याच्या फुलापाशी जास्त थांबा. त्याचे पराग पिवळ्या नळ्यांत बंद असतात, टोकाच्या छिद्रातून मिठाच्या डबीसारखे झटकावे लागतात. काळा भुंगा फुलाला लटकतो, पंख न हलवता अंग थरथरवतो आणि त्याचा आवाज एकदम चढतो. सातेरीला हे जमत नाही. तो चढलेला सूर कानांनी मोजता येतो, म्हणजे ज्यांची नजर अधू झाली आहे अशा आजीही या मोजणीत पक्क्या भागीदार आहेत. रात्री रातकिड्यांचे वेगवेगळे आवाजही त्याच ओळखतील.

दुधी आणि शिराळ्याची फुलं संध्याकाळी उमलतात, त्यांच्यावर पतंग येतात. त्या वाफ्यात संध्याकाळची फवारणी टाळा. भोपळा आणि वांग्यावर मात्र सकाळची टाळा. माव्यात, म्हणजे रस शोषणाऱ्या बारीक किडींत, काळी, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी फिरताना दिसली तर ती ढालकिड्याची (लेडीबर्डची). मावा खाते, तिला राहू द्या. मावा खूपच वाढला असेल तरच ५ टक्के निंबोळी अर्क मारा.

गच्चीत, खिडकीत कुंड्या लावणाऱ्यांसाठी एक वेगळी गोष्ट. लिंबाच्या किंवा कढीपत्त्याच्या पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काही चिकटलेलं दिसलं तर पुसू नका. ती फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि डिवचली की डोक्यामागून लालसर दुभंगलेलं शिंग काढून उग्र वास सोडते. झाड अगदीच लहान असेल तर दोन अळ्या ठेवा, बाकीच्या दुसऱ्या लिंबावर सोडा.

स्मार्टफोन असेल तर आयनॅचरलिस्ट या सजीवांच्या नोंदी ठेवणाऱ्या ॲपवर फोटो टाका: एक वरून, एक बाजूने, झाडही दिसेल असा. घराची नेमकी जागा धूसर ठेवण्याची सोय तिथे आहे. फोन नसेल तर वहीच पुरे, कोणीतरी महिन्यातून एकदा ती चढवेल. पण त्या वेळी ज्या बाईने कीटक पाहिला, तिचं नाव तिच्या परवानगीने आणि पाड्यावर त्या कीटकाला जे म्हणतात ते नाव नोंदीत गेलंच पाहिजे. पिढ्यान्‌पिढ्या बघणारे डोळे तिचे, आणि नोंद फोनवाल्याच्या नावावर, हा अन्याय आहे.

अशा मोजणीने काय होतं, असं विचारतात. जर्मनीत क्रेफेल्डच्या हौशी कीटक-अभ्यासकांनी २७ वर्षं जाळ्यात सापडलेले कीटक नेटाने तोलले. उडणाऱ्या कीटकांचं एकूण वजन ७५ टक्क्यांहून जास्त घटलंय, हे २०१७ साली जगाला कळलं ते त्या आकड्यांवरून. आपल्या वाड्यांचे तसे आकडे हवेत, आणि ते वाडीत राबणाऱ्यांनीच लिहावेत.

आणखी एक नोंद याच दिवसांत करून ठेवा. पावसाच्या शेवटी पिवळसर चतुरांचे थवे मोकळ्या जागेवर घिरट्या घालतात. त्यातला ग्लोब स्कीमर हिंदी महासागर ओलांडून आफ्रिकेकडे जातो. थवा पहिल्यांदा कधी दिसला, वारा कुठून होता आणि शेवटचा कधी दिसला, एवढं वहीच्या मागच्या पानावर लिहा.