धरणाच्या प्रस्तावाचे फायदे-तोटे कसे तपासावेत

बहुतेक प्रकल्प अहवालांत फायदे पहिल्या पानांवर आणि तोटे शेवटच्या परिशिष्टांत आढळतात, म्हणून धरणाच्या प्रस्तावाचे मूल्यमापन करणाऱ्याने अहवाल मागून पुढे वाचायला हरकत नाही. त्याआधी मात्र हे धरण नेमके कशासाठी बांधले जात आहे, हे विचारून घ्यावे. सिंचन, वीज, पिण्याचे पाणी आणि पूरनियंत्रण ही सारी उद्दिष्टे एकाच प्रस्तावात मांडलेली दिसली, तर सावध व्हावे. पूर अडवायचा असेल, तर पुराच्या हंगामात जलाशयात मोकळी जागा राखावी लागते. सिंचन आणि विजेसाठी मात्र तोच जलाशय शक्य तितक्या लवकर भरलेला हवा असतो. भरलेल्या जलाशयात हंगामाच्या अखेरीस मोठा पूर आला, तर आलेले पाणी तसेच पुढे सोडण्यावाचून गत्यंतर नसते. त्यामुळे कोणत्या महिन्यात पाणीपातळी किती ठेवणार, हे सांगणारा परिचालन आराखडा मागून घ्यावा आणि तो मिळाला नाही, तर पूरनियंत्रणाचा फायदा हिशेबात धरू नये.

पुढे गाळाचे प्रकरण काढावे. ते सहसा कोणी वाचत नाही, पण धरणाचे खरे आयुष्य तिथेच ठरते. वाहती नदी जलाशयात शिरताच संथ होते आणि तिच्यातील गाळ खाली बसतो. हा सारा गाळ तळाच्या मृतसाठ्यातच, म्हणजे वापरात न येणाऱ्या पाण्याच्या जागेतच, जमतो, असे गृहीत धरून धरणाचे आयुष्य काढण्याची पद्धत फसवी आहे, कारण जाडसर वाळू आणि गोटे जलाशयाच्या मुखापाशीच, म्हणजे बरेचदा उपयुक्त साठ्याच्या जागेत, अडकतात. चीनमधील पीत नदीवरचे सान्मेन्शिया धरण १९६० मध्ये पाणी अडवू लागले आणि काही वर्षांतच गाळाने इतके भरत गेले की, गाळ बाहेर सोडण्यासाठी त्यात नवे मार्ग काढावे लागले. जो गाळ वर अडतो, तो खाली पोहोचत नाही, ही याच प्रश्नाची दुसरी बाजू होय. १९७० मध्ये पूर्ण झालेल्या इजिप्तमधील आस्वान धरणानंतर नाईल नदीचा सुपीक गाळ शेतांपर्यंत येईनासा झाला, रासायनिक खतांवरचे अवलंबित्व वाढले आणि त्रिभुज प्रदेशाचा किनारा झिजू लागला. त्याच धरणातील साठ्यामुळे १९८० च्या दशकातील दीर्घ दुष्काळात इजिप्त तरला, हेही तितकेच खरे आहे. दोन्ही नोंदी एकाच ताळेबंदात लिहाव्या लागतात. नदीतील गाळ किती वर्षे प्रत्यक्ष मोजला आहे आणि तो बाहेर काढण्यासाठी तळाशी दारे आहेत का, हे दोन प्रश्न न चुकता विचारावेत.

विजेचा दावा तपासताना स्थापित क्षमतेला, म्हणजे एका वेळी जास्तीत जास्त जेवढी वीज निर्माण होऊ शकते तिला, बुडीत क्षेत्राने भागून पाहावे. ब्राझीलमधील बाल्बिना धरणाची क्षमता २५० मेगावॅट आहे आणि त्यासाठी २,००० चौरस किलोमीटरहून अधिक प्रदेश, मुख्यतः जंगल, पाण्याखाली गेला. बुडालेले जंगल कुजले की मिथेन वायू बाहेर पडतो, त्यामुळे जलविद्युत आपोआपच स्वच्छ असते, असे मानता येत नाही. याउलट चीनमधील थ्री गॉर्जेस धरणाची क्षमता २२,५०० मेगावॅट असून त्याचे बुडीत क्षेत्र बाल्बिनाच्या निम्म्याहूनही कमी आहे. या भागाकारात हे धरण सहज सरस ठरते, पण त्याने १२ लाखांहून अधिक माणसे विस्थापित केली. मागणी वाढताच काही मिनिटांत वीजनिर्मिती वाढवता येणे हा जलविद्युतेचा मोठा गुण आहे आणि विरोधकांनीही तो मान्य करायला हवा.

विस्थापितांची मोजणी हा सर्वांत नाजूक भाग होय. जागतिक धरण आयोगाच्या २००० सालच्या अहवालानुसार मोठ्या धरणांमुळे जगभरात ४ ते ८ कोटी लोक विस्थापित झाले. अंदाजातील ही प्रचंड तफावतच सांगते की, या माणसांची नोंद कोणी नीट ठेवली नव्हती. प्रस्तावातील आकडा फक्त बुडीत क्षेत्रातील जमीनमालकांचा आहे, की त्यात भूमिहीन मजूर, मासेमार, कालव्यांसाठी जमीन गमावणारे आणि धरणाखालच्या नदीकाठावर पुराच्या ओलीवर शेती करणारे लोकही धरले आहेत, हे पाहावे. लाभक्षेत्रातील कुटुंबे आणि प्रकल्पग्रस्त कुटुंबे निरनिराळी असतील, तर एकूण फायदा तोट्याहून मोठा असल्याचे गणित पुरेसे ठरत नाही. पुनर्वसन पाणी अडवण्यापूर्वी पूर्ण करण्याची अट लेखी असायला हवी.

सुरक्षेच्या बाबतीत भिंतीच्या मजबुतीवर समाधान मानू नये. १९६३ मध्ये इटलीतील वायोंत धरणाच्या जलाशयात डोंगराचा प्रचंड कडा कोसळला. उसळलेली लाट भिंतीवरून खाली गेली आणि सुमारे २,००० लोक मृत्युमुखी पडले, तरी भिंत जवळपास शाबूतच राहिली. म्हणून पायाच्या खडकाइतकीच जलाशयाभोवतीच्या उतारांचीही तपासणी झाली आहे का, हे पाहावे. सांडवा, म्हणजे जादा पाणी बाहेर सोडण्याचा मार्ग, किती मोठ्या पुरासाठी आखला आहे, हेही विचारावे, कारण १९७५ मध्ये चीनमधील बान्छियाव धरण अपेक्षेपलीकडच्या पावसाने आलेल्या पुरात फुटले.

एवढे झाल्यावर खर्चाच्या बाजूला एक रक्कम स्वतःहून लिहावी, ती म्हणजे धरण निकामी झाल्यावर ते उतरवण्याचा खर्च. अमेरिकेतील एल्वा नदीवरची दोन जुनी धरणे २०११ ते २०१४ या काळात पाडण्यात आली आणि सामन मासे पुन्हा वरच्या प्रवाहात पोहोचू लागले. मात्र साचलेला गाळ एकदम सुटू नये म्हणून हे काम टप्प्याटप्प्याने करावे लागले. प्रस्तावात या खर्चाची तरतूद नसेल, तर तो कोणत्या पिढीने भरायचा, हे मंजुरीपूर्वीच ठरवून घ्यावे.