घरचा मेल सर्व्हर: आधी पोर्ट २५, मग बाकीचं

पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारं सॉफ्टवेअर) आणि डव्हकॉट (आलेली मेल वाचायला देणारं) कसं बसवायचं हे सांगणारे व्हिडिओ ढिगाने आहेत, आणि बहुतेक सगळे चुकीच्या टोकाने सुरू होतात. सॉफ्टवेअर हा यातला सगळ्यात सोपा भाग. जुना पीसी, डेबियन लिनक्स आणि स्वतःचं डोमेन तुमच्याकडे आहे असं धरतो.

पहिल्यांदा राउटरच्या पॅनेलमध्ये वॅन आयपी (इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) बघा. तो १००.६४ ते १००.१२७ मधल्या कशानेही सुरू होत असेल, तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात: एकच पब्लिक आयपी अनेक ग्राहकांत वाटलेला. मग पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेलं राउटरवरून पीसीकडे वळवणं) करत बसू नका, उपयोग शून्य. स्टॅटिक, म्हणजे न बदलणारा, आयपी मागा. नाशिकचं सिडको असो की गंगापूर रोड, कनेक्शनवाला ‘हो सर, होऊन जाईल’ म्हणणारच. पैसे भरण्याआधी दोन प्रश्नांची उत्तरं लेखी घ्या: बाहेर जाणारा पोर्ट २५ (सर्व्हर एकमेकांना मेल देतात ते दार) उघडा आहे का? आणि आयपीला पीटीआर लावून द्याल का?

घोडं अडतं ते पीटीआरवर. आयपीवरून नाव सांगणारी ही नोंद डोमेनच्या पॅनेलमधून होत नाही. आयपी ज्याच्या ताब्यात, त्यानेच करायची. मी पीटीआर मागितला तर कॉल सेंटरने राउटर बंद करून चालू करायला सांगितलं! पण पीटीआरशिवाय जीमेल तुमची मेल परत तरी पाठवतं, नाहीतर स्पॅममध्ये टाकतं. शिवाय घरगुती आयपींचे पट्टेच्या पट्टे स्पॅमहाउस या स्पॅमविरोधी संस्थेच्या पीबीएल यादीत (थेट मेल पाठवू नये अशा आयपींच्या) असतात.

म्हणून माझं मत ठाम आहे: भांडत बसू नका. पोर्ट २५ आणि पीटीआर देणारा छोटा व्हीपीएस (भाड्याचा आभासी सर्व्हर) घ्या आणि वायरगार्डने (व्हीपीएन टनेलने) घरच्या पीसीला जोडा. मेल राहते घरच्याच डिस्कवर, जगाला दिसतो व्हीपीएसचा आयपी. मात्र आत येणाऱ्या ट्रॅफिकला मास्करेड (पाठवणाऱ्याचा आयपी बदलून स्वतःचा लावणं) अजिबात लावू नका. लावलंत तर पोस्टफिक्सला अख्खं जग टनेलच्या आयपीवरून आलेलं दिसतं, आणि तो आयपी ‘मायनेटवर्क्स’मध्ये (पोस्टफिक्सच्या विश्वासू आयपींच्या यादीत) असला की कुणीही तुमच्या नावावर स्पॅम पाठवू शकतं. ओपन रिले म्हणतात तो हाच.

एसपीएफ, डीकेआयएम, डीमार्क: मेल खरंच तुमच्या डोमेनची आहे हे पटवणाऱ्या, डोमेनच्या पॅनेलमधल्या तीन टीएक्सटी (मजकुराच्या) नोंदी. २०४८ बिटांची डीकेआयएम की (किल्ली) एका तुकड्याच्या २५५ अक्षरांत मावत नाही, ती तुकडे करून अवतरणांत घाला. कनेक्शन सुरक्षित करणारं सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं.

मग जीमेलला एक मेल टाका आणि तिथे ‘शो ओरिजिनल’ उघडा. तिन्हींपुढे ‘पास’ दिसलं पाहिजे.

लाईट जाण्याची धास्ती नको. समोरचा सर्व्हर साधारण चार-पाच दिवस पुन्हापुन्हा प्रयत्न करतो. बॅकअप मात्र दुसऱ्या डिस्कवर, रोज.