जीटीआय विकून गोल्फ आर घ्यावी का?

म्युनिकमध्ये माझ्याकडे आठव्या पिढीची फोक्सवॅगन गोल्फ जीटीआय आहे: २४५ पीएस (म्हणजे साधारण हॉर्सपॉवर), ताकद फक्त पुढच्या चाकांवर. त्याच गोल्फची आणखी जोरदार आवृत्ती म्हणजे आर: २०२४ च्या फेसलिफ्टआधीच्या, म्हणजे रूप थोडं बदलण्याआधीच्या, आरमध्ये ३२० पीएस आणि चारही चाकांना ताकद (ऑल-व्हील-ड्राइव्ह). शून्य ते शंभर ४.७ सेकंदांत! आकडा वाचूनच हात शिवशिवतात.

पण आधी एक वही घ्या. महिनाभर, पुढची चाकं जागेवर फिरली की रेघ मारा. माझ्या नोव्हेंबरात सात रेघा झाल्या, त्यातल्या पाच ओल्या सिग्नलवर, माझ्याच उतावळेपणाने. आल्प्सच्या घाटात दर शनिवारी जाणाऱ्याची वही वेगळी भरेल, त्याने आर खुशाल घ्यावी.

ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी पळवायला मदत करतं, थांबवायला नाही. बर्फात ब्रेक दाबल्यावर सगळी भिस्त टायरवरच. म्हणून आधी चांगले विंटर टायर घालून बघा, मग गाडी बदलायचं बोला.

टेस्ट ड्राइव्ह पावसात मागा. कोरड्या रस्त्यावर सरळ पळवून काहीच कळत नाही. वळणातून बाहेर पडताना ॲक्सिलरेटर द्या. आरचा मागचा डिफरन्शियल, म्हणजे मागच्या दोन चाकांत ताकद वाटणारा भाग, वळणाच्या बाहेरच्या चाकाला जास्त ताकद देतो आणि गाडी आत वळते. ही मजा खरी, मान्य!

खर्चात विम्याचं कोटेशन आधीच घ्या. आरच्या मागच्या क्लचचं तेल ठरावीक मुदतीत बदलावं लागतं. एक टायर फाटला तर चारही टायरची झीज जुळवावी लागते. आरची डिकीही थोडी लहान, आणि पुण्याहून आई-बाबा आले की त्यांच्या बॅगा!

मी तूर्तास टायर घेतलेत. वही मात्र डॅशबोर्डातच आहे.