वीज आल्यावर ॲप आपोआप उठावं म्हणून

घरच्या मशीनवर स्वतःचं वेब ॲप ठेवलं की सुरुवातीला सगळेच ते हाताने चालू करतात. टर्मिनल उघडायचं, फोल्डरमध्ये जायचं, पायथॉनचं व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट (त्या ॲपपुरतं वेगळं पायथॉन) सुरू करायचं, डेटाबेस चालू आहे ना ते बघायचं आणि मग कमांड मारायची. टर्मिनलची खिडकी बंद झाली किंवा वीज गेली की पुन्हा पहिल्यापासून. माझं ॲप अगदी साधं, पुस्तकांची नोंद ठेवणारं. पण घरातली माणसं ते वापरायला लागली आणि "उघडत नाहीये" ही तक्रार दर वेळी माझ्याकडेच येऊ लागली, तेव्हा हे सगळं मनावर घेतलं.

या सगळ्या कमांड एका फाइलमध्ये, म्हणजे स्क्रिप्टमध्ये, लिहिणं हा यातला सोपा भाग. अडचण अशी की नुकत्याच बूट झालेल्या मशीनला आपल्या डोक्यातलं काहीच ठाऊक नसतं. आपण कोणत्या फोल्डरमध्ये आहोत, लॉगिनमुळे कमांड शोधायचा कोणता पाथ लागू झालाय, घड्याळ बरोबर आहे की नाही, हे हाताने चालवताना आपल्याला आयतं मिळालेलं असतं. बूटच्या वेळी ते एकेक लिहून द्यावं लागतं.

म्हणून स्क्रिप्टमध्ये प्रत्येक पाथ (फाइलचा पत्ता) पूर्ण लिहा, अगदी रूटपासून, म्हणजे सर्वात वरच्या फोल्डरपासून. नुसतं "पायथॉन" लिहू नका. व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंटच्या बिन फोल्डरमधल्या पायथॉनचा पत्ता द्या, म्हणजे ॲक्टिव्हेट करायची भानगडच उरत नाही. वरच्या बाजूला "सेट मायनस ई" टाका. एखादी पायरी फसली की स्क्रिप्ट तिथेच थांबते, पुढे रेटत नाही. शेवटच्या ओळीत ॲपच्या कमांडआधी "एक्झेक" लिहा. त्यामुळे शेलच्या (कमांड चालवणाऱ्या प्रोग्रामच्या) जागी ॲप स्वतः येतं आणि थांबण्याचा सिग्नल थेट त्याला मिळतो. विंडोजवर लिहिलेली स्क्रिप्ट लिनक्सवर आणली असेल तर ओळींच्या शेवटी असलेलं जादा अक्षर काढून टाका. ते डोळ्यांना दिसत नाही आणि "बॅड इंटरप्रिटर" असा चक्रावणारा एरर देतं.

आता ही स्क्रिप्ट चालवणार कोण? क्रॉन, म्हणजे ठरलेल्या वेळी कमांड चालवणारी लिनक्समधली सोय, त्यातलं "ॲट रीबूट" एका ओळीत काम करतं आणि शिकायला वाईट नाही. पण ॲप मध्येच कोसळलं तर क्रॉन ते परत उठवत नाही. माझं मत स्पष्ट आहे: लिनक्स असेल तर थेट सिस्टीमडी (सर्व्हिसेस सुरू करणारी आणि सांभाळणारी व्यवस्था) शिका. २०१० साली आलेली ही व्यवस्था आज बहुतेक मोठ्या डिस्ट्रोंमध्ये (लिनक्सच्या आवृत्त्यांमध्ये) पहिली प्रोसेस म्हणून चालते, म्हणजे ती मशीनवर आधीपासूनच असते. दहा-बारा ओळींची सर्व्हिस फाइल पुरते. एक्झेकस्टार्टमध्ये स्क्रिप्टचा पत्ता, वर्किंगडिरेक्टरीत फोल्डर, यूजरमध्ये ॲपसाठी बनवलेला वेगळा यूजर. रूट, म्हणजे सगळे अधिकार असलेला यूजर, म्हणून चालवू नका. १०२४ च्या खालचा पोर्ट हवा असेल तर पुढे एन्जिनेक्स किंवा कॅडी (बाहेरच्या विनंत्या ॲपकडे पाठवणारे प्रॉक्सी) ठेवा आणि ॲप ८००० वर असू द्या. पासवर्ड वेगळ्या एन्व्हायर्नमेंट फाइलमध्ये, परवानगी ६००, म्हणजे फक्त फाइलच्या मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. त्या फाइलमध्ये "एक्स्पोर्ट" लिहायचं नसतं आणि डॉलरचं चिन्ह घालून दुसरं व्हेरिएबल आत ओढता येत नाही. शेलची सवय असलेले बरेच जण इथे अडकतात.

रीस्टार्टची ओळ मात्र नीट समजून घ्या. "रीस्टार्ट ऑन फेल्युअर" लिहिलं की सगळं सांभाळलं जाईल असं वाटतं. पण दोन प्रयत्नांमधलं मूळ अंतर फक्त १०० मिलिसेकंद असतं, आणि १० सेकंदांत ५ वेळा सुरुवात करून झाली की सिस्टीमडी नाद सोडून देते. समजा डेटाबेसला उठायला वीस सेकंद लागले. तेवढ्यात ॲपचे पाचही प्रयत्न संपलेले असतात आणि सर्व्हिस "फेल्ड" होऊन पडते. डेटाबेस नंतर व्यवस्थित चालू होतो, ॲप मात्र बंदच. रीस्टार्टसेक (हे अंतर ठरवणारी ओळ) ५ सेकंद केलं की १० सेकंदांत पाच प्रयत्न होतच नाहीत आणि ॲप धीराने प्रयत्न करत राहतं.

"आफ्टर" या ओळीबद्दलही असाच गैरसमज आहे. ती फक्त क्रम ठरवते. आधीची सर्व्हिस "सुरू झाली" म्हणजे ती कामाला तयार आहेच, असं नाही. डेटाबेस पोस्टग्रेस असेल तर त्याच्यासोबत येणारी पीजी_इजरेडी कमांड दर दोन सेकंदांनी विचारणारा छोटा लूप एक्झेकस्टार्टप्रीमध्ये (ॲपच्या आधी चालणाऱ्या ओळीत) टाका. एका मिनिटानंतर त्याने हार मानावी, कारण सुरुवातीसाठी मिळणारी एकूण मुदत सहसा ९० सेकंदच असते.

नेटवर्कची गंमत वीज गेल्यावरच कळते. मशीन आणि राउटर एकाच वेळी चालू होतात आणि बऱ्याचदा राउटर मागे पडतो. ॲप एखाद्या ठरावीक आयपीवर ऐकत असेल, तर राउटरने तो पत्ता देईपर्यंत ते उभंच राहू शकत नाही. वॉन्ट्स आणि आफ्टर या दोन्ही ओळींमध्ये "नेटवर्क-ऑनलाइन डॉट टार्गेट" लिहा. पुढे प्रॉक्सी असेल तर त्याहून सोपं: ॲप १२७.०.०.१ वरच, म्हणजे मशीनच्या स्वतःच्या आतल्या पत्त्यावर, ठेवा, ते राउटरची वाटच बघत नाही.

मशीन म्हणून रास्पबेरी पाय (छोटा एका बोर्डचा संगणक) ४ किंवा त्याआधीचा असेल तर त्यात बॅटरीवर चालणारं घड्याळ नसतं. इंटरनेटवरून वेळ मिळेपर्यंत तो जुन्याच वेळेत असतो. तेवढ्यात ॲपने बाहेरच्या एखाद्या एपीआयला (दुसऱ्या ऑनलाइन सेवेला) विचारलं तर सर्टिफिकेट अवैध ठरू शकतं, आणि लॉगमधल्या वेळाही मध्येच उडी मारतात.

सॉफ्टवेअरबाहेरची एक गोष्ट: वीज आल्यावर मशीन मुळात चालू व्हायला हवं. डेस्कटॉपच्या बायोसमध्ये वीज परतल्यावर काय करायचं याचं सेटिंग असतं, ते "ऑन" करा. जुना लॅपटॉप सर्व्हर म्हणून वापरत असाल तर झाकण मिटल्यावर तो झोपणार नाही याचीही सोय करा.

विंडोजवर टास्क शेड्युलर वापरता येतो. फक्त त्याची मूळ सेटिंग्ज तपासा: तीन दिवसांहून जास्त चाललेलं काम थांबवायचं आणि लॅपटॉप चार्जरवर असेल तरच सुरू करायचं, या दोन खुणा आधीच केलेल्या असतात. डॉकर (ॲप कंटेनर नावाच्या बंद डब्यात चालवणारी सोय) वापरणाऱ्यांना कंटेनरला "अनलेस-स्टॉप्ड" ही रीस्टार्ट पॉलिसी लावली आणि डॉकरची सर्व्हिस बूटला चालू ठेवली की बरंचसं काम होऊन जातं. डेटाबेसची वाट बघणं मात्र तिथेही चुकत नाही.

सिस्टीमडीची सर्व्हिस फाइल बदलली की ती पुन्हा वाचायला लावणारं "डेमन-रीलोड", मग बूटला आपोआप सुरू होण्यासाठी "इनेबल". चाचणी दोन प्रकारे घ्या. आधी चालू ॲपला "किल मायनस ९" मारून जबरदस्तीने बंद करा आणि ते परत येतंय का बघा. मग मशीन खरोखर रीबूट करा, कीबोर्डला हात न लावता, लॉगिनही न करता, आणि फोनवरून ॲप उघडा. नाही उघडलं तर जर्नलसीटीएल या लॉग दाखवणाऱ्या कमांडने त्या सर्व्हिसचा या बूटचा लॉग वाचा. २०३ दिसलं तर स्क्रिप्टचा पत्ता, पहिली ओळ किंवा चालवण्याची परवानगी चुकलीय; २०० दिसलं तर वर्किंगडिरेक्टरीपर्यंत त्या यूजरला पोचता येत नाहीये. दोन्ही आकडे ॲपच्या कोडची एक ओळही चालण्याआधीचे आहेत, त्यामुळे कोडमध्ये शोधत बसू नका.