दोन दुनियांच्या गेममध्ये हरवायचं नसेल तर

गेममध्ये एकाच मॅपच्या दोन दुनिया असल्या की पहिले दोन तास डोकं नुसतं गरगरतं, पण त्यातली युक्ती एकदा कळली ना की मग हीच गोष्ट शॉर्टकट म्हणून वापरता येते.

माइनक्राफ्टचंच घ्या. नेदरमध्ये, म्हणजे त्यातल्या खालच्या आगीच्या दुनियेत, १ ब्लॉक चाललात की वरच्या दुनियेत ८ ब्लॉक कापले जातात, म्हणून घराचे एक्स आणि झेड आकडे (मॅपवरची जागा सांगणारे) आधी लिहून घ्या आणि दोन्हींना ८ ने भागा, म्हणजे एक्स ८०० आणि झेड -४०० असेल तर नेदरमध्ये १०० आणि -५० वर दुसरं पोर्टल, म्हणजे दोन दुनियांमधलं दार, बांधायचं, वायला (उंचीच्या आकड्याला) भागायचं नाही हां, इथेच सगळे फसतात. चौकटीचे कोपरे सोडले तर १० ऑब्सिडियनमध्ये (काळ्या कठीण दगडात) काम होतं. पोर्टलभोवती कॉबलस्टोनची भिंत घाला, घास्ट नावाच्या उडत्या राक्षसाच्या आगीच्या गोळ्याने पोर्टल विझतं, आणि तेव्हा ते पेटवायला चकमक जवळ नसेल तर बसा बोंबलत. आणि तिथे बेडवर झोपायला जाऊ नका, स्फोट होतो (मी गेलोय, सगळं सामान लाव्ह्यात).

१९९१ च्या झेल्डात, अ लिंक टू द पास्टमध्ये, उलटं डोकं चालवायचं. उजेडाच्या दुनियेत एखादा कडा चढता येत नाही? मग डार्क वर्ल्डमध्ये बरोब्बर त्याच जागी जाऊन उभे राहा आणि जादूचा आरसा वापरा, तो उजेडाच्या दुनियेत परत आणतो, थेट कड्यावर. फक्त मून पर्ल नावाचा मोती आधी मिळवा, नाहीतर तिकडे ससा होऊन पळत बसाल.