कंट्रोलर फोल्डरच्या आत फोल्डरमध्ये लावताना या चुका टाळा

दिवाळीनंतर कापसाची खरेदी सुरू झाली की जिनिंगच्या फाटकाबाहेर ट्रॅक्टर आणि बैलगाड्यांची रांग लागते, आणि ती रांग किती वेगाने सरकेल हे काट्यावरून निघणाऱ्या पावतीवर ठरते. पांढरकवडा भागातील अशाच एका जिनिंगसाठी मी कोडइग्नायटर ३ या पीएचपी फ्रेमवर्कवर (वेबसाइट बांधण्याच्या तयार सांगाड्यावर) खरेदीची प्रणाली लिहिली होती. सुरुवातीला सर्व कंट्रोलर, म्हणजे कोणता पत्ता उघडल्यावर काय करायचे ते सांगणाऱ्या कोडच्या फाइल, एकाच फोल्डरमध्ये होते. पुढे सरकी, गाठी, हमाली, चुकारे (शेतकऱ्यांना द्यायची रक्कम) अशी कामे वाढत गेली, तेव्हा मी ते कामानुसार वेगवेगळ्या फोल्डरमध्ये लावले. लॅपटॉपवर सगळे नीट चालले. सर्व्हरवर चढवल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काट्यावरच्या मुलाचा फोन आला, "भाऊ, पावती निघून नाही राहिली." पडद्यावर ४०४, म्हणजे 'पान सापडले नाही', होते आणि बाहेर गाड्या उभ्या होत्या.

त्या दिवसापासून मी एक गोष्ट धरून चालतो. ब्राउझरमधील पत्त्याचे तिरप्या रेघांनी पडलेले तुकडे फ्रेमवर्क डावीकडून उजवीकडे वाचते आणि प्रत्येक तुकड्यापाशी थांबून डिस्कवर पाहते. या नावाची फाइल आहे का? नसेल तर या नावाचे फोल्डर आहे का? फोल्डर असेल तर आत शिरून पुढचा तुकडा घेते. फाइल सापडली, किंवा दोन्ही नसले, की तिथेच थांबते आणि तो तुकडा क्लासचे (कंट्रोलरच्या फाइलमधील कोडच्या गटाचे) नाव व त्यानंतरचा मेथडचे (त्या गटातील एका कामाचे) नाव मानते. खरेदी/कापूस/पावती/छापा हा पत्ता घ्या (येथे नावे देवनागरीत लिहिली असली तरी प्रत्यक्षात ती रोमन लिपीत असतात). खरेदी हे फोल्डर, त्यात कापूस हे फोल्डर, त्यात पावती ही फाइल आणि छापा ही तिच्यातील मेथड. ही वाट ज्याला हाताने चालून पाहता येते, त्याला पुढच्या बहुतेक चुका आपोआप दिसू लागतात.

माझी चूक अक्षरांची होती. कोडइग्नायटर ३ मध्ये कंट्रोलरच्या फाइलचे पहिले अक्षर मोठे असावे लागते. फोल्डरचे नाव मात्र पत्त्यात जसे लिहिले असेल तसेच्या तसे शोधले जाते. मी फोल्डरलाही पहिले अक्षर मोठे दिले होते आणि पत्ते सर्वत्र लहान अक्षरांत होते. विंडोज लहानमोठ्या अक्षरांत फरक करत नाही, म्हणून घरी चूक झाकली गेली. लिनक्स सर्व्हर तो फरक करतो. फोल्डरची नावे पूर्णपणे लहान अक्षरांत आणि फाइलचे फक्त पहिले अक्षर मोठे, एवढा नियम पाळला तर हा प्रकार उद्भवत नाही. नाव दुरुस्त करतानाही सावध राहावे, कारण विंडोजवर केवळ अक्षराचा आकार बदलला तर गिटला (कोडमधील बदलांची नोंद ठेवणाऱ्या साधनाला) तो बदल सहसा दिसत नाही. त्यासाठी नाव बदलण्याची गिटची स्वतःची आज्ञा वापरावी.

अशा वेळी अंदाज बांधत बसण्यापेक्षा लॉग, म्हणजे फ्रेमवर्कची चुकांची नोंदवही, उघडावा. कॉन्फिग फाइलमध्ये लॉगची पातळी मुळात शून्य असते. ती १ केली आणि लॉगच्या फोल्डरमध्ये लिहिण्याची परवानगी असली की प्रत्येक ४०४ ची ओळ तिथे उमटते. त्या ओळीत ज्या नावाचे पहिले अक्षर मोठे दिसते, ते फ्रेमवर्कने क्लास म्हणून धरलेले नाव होय. माझ्या लॉगमध्ये मोठे अक्षर 'पावती'ला नव्हते, 'खरेदी'ला होते; म्हणजे वाट पहिल्याच पायरीवर थांबली होती. मोबाइलच्या कमजोर नेटवरही ही एक ओळ वाचता येते, आणि मला अजूनही तिच्याइतकी उपयोगी दुसरी खूण माहीत नाही.

नेमकी तशीच ओळ आणखी एका कारणाने येते. खरेदी नावाचे फोल्डर आहे आणि त्याच्याच शेजारी, बाहेर, खरेदी नावाची जुनी कंट्रोलर फाइलही राहिली आहे, अशा वेळी फाइलचा मान पहिला; फ्रेमवर्क फोल्डरमध्ये डोकावतच नाही आणि त्या जुन्या क्लासमध्ये 'कापूस' नावाची मेथड शोधू लागते. ती मेथड नसेल तर ४०४ तरी येते. असेल तर चुकीचे पान निमूटपणे उघडते, आणि ते जास्त घातक आहे. अशी फाइल फोल्डरच्या आत न्यावी. फोल्डरचा नुसता पत्ता उघडल्यावर तीच लागावी असे वाटत असेल, तर तिचे नाव राउट्सच्या फाइलमधील (कोणता पत्ता कोणत्या कंट्रोलरकडे जातो ते सांगणाऱ्या) डीफॉल्ट कंट्रोलरच्या नावाशी जुळले पाहिजे. त्या डीफॉल्ट कंट्रोलरच्या ओळीत स्वतः फोल्डर लिहिता येत नाही. तिरप्या रेघेनंतरचा शब्द तिथे मेथड समजला जातो.

४०४ गेल्यानंतर माझ्याकडे पावती निघाली, पण कोरी. आधीच्या पावती/छापा/१२५ या पत्त्यात पावतीचा क्रमांक तिसरा तुकडा होता आणि मी तो तसाच मोजून घेत होतो. दोन फोल्डर वाढल्यावर तिसऱ्या जागी 'पावती' हा शब्द आला, क्रमांक पाचव्या जागी गेला, आणि डेटाबेसमध्ये त्या शब्दाची नोंद असणे शक्यच नव्हते. क्रमांक मेथडच्या कंसात पॅरामीटर म्हणून घ्यावा; मग फोल्डर कितीही वाढले तरी तो बरोबर जागी मिळतो. मोजणे टाळता येत नसेल तर आरसेगमेंट हे फ्रेमवर्कचे तुकडा काढून देणारे फंक्शन वापरावे, कारण त्यात फोल्डर धरले जात नाहीत.

राउट्स हाताने लिहिताना उजव्या बाजूला फोल्डरसह पूर्ण वाट लिहावी आणि नेमके राउट वर, सरसकट पकडणारे खाली ठेवावेत, कारण जो आधी जुळतो तोच चालतो. पत्त्यातील आडव्या रेघेचे अंडरस्कोर करण्याची सोय क्लास आणि मेथडपुरतीच आहे, फोल्डरला ती लागू होत नाही. म्हणून फोल्डरचे नाव एकाच शब्दाचे ठेवावे. कोडइग्नायटर २ मध्ये फोल्डरची एकच पातळी चालत असे, ३ मध्ये अनेक चालतात, पण माझ्या मते दोनच्या पुढे जाण्याची गरज जिनिंगसारख्या कामाला पडत नाही.

लारावेल (दुसरे पीएचपी फ्रेमवर्क) किंवा कोडइग्नायटर ४ वापरणाऱ्यांनी हा लेख वाचताना ध्यानात ठेवावे की तिथे फोल्डरची वाट नेमस्पेसमध्येही (क्लासच्या पूर्ण नावाच्या आधीच्या भागात) तशीच उतरली पाहिजे आणि फोल्डरचे पहिले अक्षर मोठे असते, म्हणजे वरच्या नियमाच्या उलट. लारावेलमध्ये आतल्या फोल्डरमधील कंट्रोलरने मूळ कंट्रोलर क्लास यूज ओळीने आणला नाही, तर तो क्लास त्याच फोल्डरमध्ये शोधला जातो आणि सापडत नाही.

शेवटची चूक पानावर दिसत नाही, म्हणून तिची मला सर्वांत जास्त काळजी वाटते. चुकारे नावाचे फोल्डर केले म्हणून त्यातील पाने सुरक्षित होत नाहीत. लॉगिनची तपासणी फोल्डर करत नाही, मूळ क्लास करतो. कोअर फोल्डरमधील माय अंडरस्कोर कंट्रोलर ही एकच फाइल कंट्रोलरसाठी आपोआप लोड होते, त्यामुळे तपासणी करणारा क्लास मी त्याच फाइलमध्ये लिहितो आणि चुकाऱ्यांचे सर्व कंट्रोलर त्याच्यावर उभे करतो. एखाद्या कंट्रोलरने फ्रेमवर्कचाच मूळ क्लास धरला, तर कोणत्या शेतकऱ्याला किती रक्कम द्यायची हे कोणालाही उघडपणे पाहता येते. म्हणून नवे फोल्डर चढवल्यावर मी लॉगिन न करता, दुसऱ्याच्या मोबाइलवरून, त्यातील प्रत्येक पत्ता स्वतः उघडून पाहतो आणि मगच काट्यावर फोन करतो.